आधी शांत की आधी स्थिर?

19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेल्ली’ हे यान मंगळाच्या वातावरणात शिरले. त्यावरचा लहानसा ट्रान्समीटर 401 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता. त्याचे बोलणे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावे अशी योजना होती. ते थेट पृथ्वीपर्यंत पोहोचावे एवढी ताकद त्यात ठेवलेली नव्हती. तरीही जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांनी तो क्षीण सिग्नल पकडला. इथवर यायला त्याला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यान खाली उतरत असताना तो ऐकू येत राहिला आणि जमिनीला टेकण्याच्या थोडा वेळ आधी थांबला. यान आदळून नष्ट झाले, हे पुढे स्पष्ट झाले.

अशा बातमीसोबत 45 मीटर व्यासाच्या तबकडीचे छायाचित्र छापून येते. तबकडीच्या नाभीपाशी, हातात मावेल एवढ्या धातूच्या डबीत बसलेल्या पहिल्या अँप्लिफायरचे छायाचित्र मी आजवर कुठल्या वर्तमानपत्रात पाहिलेले नाही. आकाशातून आलेल्या सिग्नलला पहिला हात लागतो तो या डबीचा. दुर्बिणीवर काम करणारे तिला लो-नॉइज अँप्लिफायर किंवा नुसते ‘एलएनए’ म्हणतात. प्रयोगशाळेत किरणोत्साराच्या डिटेक्टरमागे तीच जागा घेणाऱ्याला प्रीअँप्लिफायर म्हणतात. नावे वेगळी असली तरी काम एकच: जे जवळजवळ नाहीच, ते स्वतःची भेसळ न करता मोठे करून पुढे द्यायचे.

या डबीविषयी एक जुना पेच आहे. ती आधी शांत असावी, की आधी स्थिर असावी? शांत म्हणजे स्वतःची खरखर कमीत कमी घालणारी. स्थिर म्हणजे स्वतःहून शिट्टी न मारणारी, आणि आज जेवढी वाढ देते तेवढीच उद्या दुपारच्या उन्हातही देणारी. दोन्ही गुण हवेत, यात दुमत नाही. पण डिझाइन करायला बसले की एकासाठी दुसऱ्यातले थोडे सोडावे लागते, आणि ते किती व कुठे सोडायचे याचा निर्णय आपल्याकडे बहुधा शांततेच्या बाजूने, फारसा विचार न होता, घेतला जातो असे मला वाटते. त्या निर्णयाची दोन्ही पारडी नीट भरून पाहावीत, एवढ्यासाठी हा लेख.

शांततेची बाजू भक्कम आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. कुठल्याही रोधकाला बॅटरी जोडलेली नसली तरी त्याच्या टोकांवर एक चिमुकला व्होल्टेज सतत थरथरत असतो, कारण आतले इलेक्ट्रॉन उष्णतेने धावपळ करत असतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी हा व्होल्टेज मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध 1928 साली प्रसिद्ध झाले. 1 किलोओहमचा साधा रोधक खोलीच्या तापमानाला, एक हर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे 4 नॅनोव्होल्टची खरखर करतो. ती काढून टाकण्याचा उपाय नाही. तापमान उतरवले तरच ती उतरते. म्हणून रेडिओवाले खरखर केल्विनमध्येच मोजतात. अमुक अँप्लिफायर 25 केल्विनचा आहे म्हणजे 25 केल्विन तापमानाच्या रोधकाने जेवढी खरखर केली असती, तेवढी तो पदरची घालतो.

त्याच बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रिस यांनी 1944 साली दाखवून दिले की एकामागे एक अँप्लिफायर लावले तर मागच्या प्रत्येकाची खरखर पुढच्यांच्या वाढीने भागली जाते. पहिल्या टप्प्याने सिग्नल 100 पट केला असेल, तर 300 केल्विनच्या ढिसाळ दुसऱ्या टप्प्याची भर फक्त 3 केल्विनची उरते. उलट अँटेना आणि पहिला टप्पा यांच्यामध्ये अर्धा डेसिबल खाणारी केबल आली, तर ती एकटीच सुमारे 35 केल्विन घेऊन येते आणि मागून कितीही उत्तम अँप्लिफायर लावा, ते भरून निघत नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? उटीच्या रेडिओ दुर्बिणीत 530 मीटर लांबीभर 1056 द्विध्रुव अँटेना आहेत. 1970 मध्ये ती सुरू झाली तेव्हा या अँटेनांचे सिग्नल आधी एकत्र येत आणि मग वाढवले जात. पुढे प्रत्येक द्विध्रुवामागे स्वतंत्र एलएनए बसवला गेला आणि दुर्बिणीची नजर लक्षणीय तीक्ष्ण झाली. आरसा तोच, फक्त पहिला हात लवकर लागला.

शांततेचा आग्रह धरणाऱ्यांकडे आणखी एक बिनतोड हिशेब आहे. खोडदच्या एका तबकडीसमोर 1 जान्स्की तीव्रतेचा स्रोत आला, तर सगळ्या व्यवस्थेचे तापमान जेमतेम 0.3 केल्विनने वाढते. आणि 1 जान्स्की हा आजच्या खगोलशास्त्रात चांगला तेजस्वी स्रोत. त्याहून हजारो पटींनी फिके स्रोत शोधायचे तर तासन्‌तास सिग्नल साठवावा लागतो, आणि लागणारा वेळ खरखरीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकूण खरखर 70 केल्विनवरून 50 वर आणली, तर निरीक्षणाचा वेळ निम्मा होतो. 2020 साली याच दुर्बिणीने सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या 7,653 दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून त्यांतल्या हायड्रोजन वायूचे सरासरी प्रमाण मोजले. एकेकटी दीर्घिका खरखरीत पूर्ण बुडालेली होती. अशा कामात पाच केल्विन म्हणजे कित्येक रात्री. त्यांची किंमत कमी लेखणारा माणूस कधी दुर्बिणीवर वेळ मागण्यासाठी रांगेत उभा राहिलेला नसावा.

आता दुसरे पारडे.

शिकत असताना मी असाच एक छोटा अँप्लिफायर बांधला होता. उघडा ठेवून मोजला की गेन, म्हणजे वाढ, बरोबर, खरखर अपेक्षेइतकी. झाकण बसवून चार स्क्रू आवळले की गेन कोसळे आणि खरखर दुप्पट होई. झाकण काढले की पुन्हा सगळे ठीक. दोन दिवस मी सोल्डरचे सांधे तपासत बसलो. दोष सांध्यांत नव्हताच. झाकण लागल्यावर ती डबी एक बंद पोकळी होत होती, आउटपुटची ऊर्जा त्या पोकळीतून इनपुटपर्यंत परतत होती, आणि ट्रान्झिस्टर माझ्या पट्ट्याच्या कितीतरी वर, जिथे मी मीटर नेऊन पाहतच नव्हतो तिथे, शिट्टी मारत होता. झाकणाच्या आतून लहरी शोषणाऱ्या रबराचा एक तुकडा चिकटवला आणि ती थांबली. हे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते.

ती असण्याचे कारण ट्रान्झिस्टरच्या चांगुलपणातच आहे. आज वापरात असलेल्या अतिशांत ट्रान्झिस्टरांचे मूळ म्हणजे जपानमध्ये फुजित्सू कंपनीत ताकाशी मिमुरा यांनी 1980 च्या सुमारास घडवलेला हेम्ट. त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोगही 1985 मध्ये नोबेयामाच्या रेडिओ दुर्बिणीतच झाला. यातले इलेक्ट्रॉन अशुद्धींपासून दूर, मोकळ्या वाटेने धावतात, म्हणून खरखर कमी आणि वेग प्रचंड. आपल्याला 300 मेगाहर्ट्झला अँप्लिफायर हवा असतो आणि हा गडी 10 गिगाहर्ट्झलाही वाढ द्यायला तयार असतो. जिथे वाढ आहे तिथे परतीची एखादी चोरवाट सापडली की शिट्टी ठरलेली. रोलेट यांनी 1962 साली दिलेला स्थैर्यांक, ज्याला सगळे ‘के’ म्हणतात, प्रत्येक कंप्रतेला एकापेक्षा मोठा (आणि सोबतची एक अटही पाळलेली) असेल, तर इनपुटला काहीही निष्क्रिय जोडा, अँप्लिफायर गप्प राहील अशी खात्री मिळते. पण ही खात्री फुकट नसते. इनपुटला रोधक लावून ‘के’ वाढवला तर त्या रोधकाची खरखर थेट खात्यावर चढते. आउटपुटला लावला तर खर्च नगण्य, पण मग वाढ थोडी घटते. ट्रान्झिस्टरच्या सोर्सच्या पायात किंचित इंडक्टन्स ठेवले तर पट्ट्यात स्थैर्य आणि जुळणी दोन्ही सुधारतात, मात्र ते जरासे जास्त झाले तर वरच्या कंप्रतांना तेच शिट्टीला आमंत्रण देते. मिलिमीटरभर लांबीची तार पुरते.

म्हणजे दोघांत वैर आहेच असे नाही. कुशल माणूस स्थैर्याची किंमत आउटपुटच्या बाजूला मोजतो, जिथे ती स्वस्त असते. पण शेवटच्या दोन-तीन केल्विनसाठी झगडताना मात्र वैर सुरू होते, कारण तेव्हा कात्री लागते ती नेमकी स्थैर्यासाठी ठेवलेल्या राखीव जागेला.

या वादात मला निर्णायक वाटणारा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही. खरखर स्वतःपुरती असते. शिट्टी शेजाऱ्यालाही ऐकू जाते. खोडदला 30 तबकड्या आहेत. त्यांतल्या 14 मधल्या चौकात, सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने उभ्या, आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 25 किलोमीटर अंतरात पसरलेल्या. एका तबकडीचा एलएनए पाच केल्विनने जास्त खरखर करतो, तर त्या एका तबकडीची नजर थोडी मंद होते. बाकीच्या 29 ना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दोन वेगवेगळ्या अँप्लिफायरांच्या खरखरीचा एकमेकींशी काही संबंध नसतो आणि सिग्नलांचा गुणाकार करून सरासरी काढताना ती विरून जाते. पण एका एलएनएने शिट्टी मारली तर तो आपल्याच अँटेनातून ती बाहेर फेकतो. तो आता ग्राहक उरत नाही, प्रक्षेपक होतो. मैलोन्‌मैलाचा परिसर रेडिओ-शांत राहावा म्हणून सरकारदरबारी धडपड करायची आणि आपल्याच नाभीत एक लहानसा ट्रान्समीटर पोसायचा, याला काय म्हणावे? चार पट्टे, दोन ध्रुवीकरणे आणि 30 तबकड्या असा गुणाकार केला तरी किमान 240 पहिले अँप्लिफायर होतात. 239 नमुन्यांत जेमतेम टिकणारे डिझाइन 240 व्यात घसरते, आणि ते घसरते उंचावर, जिथे कुणाला तरी चढून जावे लागते.

स्थैर्याचा दुसरा अर्थ अधिक चिवट आहे: गेन जागचा न हलणे. समजा तापमानातल्या प्रत्येक अंशामागे अँप्लिफायरचा गेन 0.01 डेसिबलने सरकतो. मार्च महिन्यात जुन्नरच्या पठारावर पहाट आणि दुपार यांत 15 अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे गेन 0.15 डेसिबल, साधारण साडेतीन टक्के, हलला. आता 400 मेगाहर्ट्झचा पट्टा एक सेकंद ऐकला तर खरखरीमुळे येणारी अनिश्चितता असते वीस हजारांत एक. गेनचे सरकणे त्याच्या 700 पट. एका अँटेनाने एकूण शक्ती मोजायची असेल, तर या सरकण्यापुढे पाच केल्विनची कमाई हिशेबात धरण्याजोगीही राहत नाही.

यावरचा जुना आणि सुंदर उपाय रॉबर्ट डिकी यांचा, 1946 सालचा. ग्राहक कधी अँटेनाला तर कधी ठाऊक तापमानाच्या एका संदर्भाला, असा सेकंदाला अनेकदा आलटूनपालटून जोडत राहायचा आणि फक्त फरक मोजायचा. गेन सरकला तरी दोघांसाठी सारखाच सरकतो. पण त्यात निम्मा वेळ संदर्भ पाहण्यात जातो, फरक घेताना संदर्भाची खरखरही मिसळते, आणि एकंदर संवेदनक्षमता निम्मी होते. शिवाय तो अदलाबदलीचा स्विच पहिल्या टप्प्याच्या आधी बसतो आणि स्वतःचे काही केल्विन घालतो. म्हणजे स्थैर्यासाठी शांतता जाणूनबुजून खर्च करायची. हा सौदा अनेकांना परवडला, हे लक्षात ठेवायला हवे.

1964 साली अमेरिकेत होल्मडेलला पेन्झियास आणि विल्सन यांना 4080 मेगाहर्ट्झला साधारण साडेतीन केल्विनची जास्तीची खरखर सापडली, तेव्हा दोन्ही गुण एकत्र होते. द्रव हेलियममध्ये ठेवलेला माणकाचा मेसर हा त्या काळचा सर्वांत शांत अँप्लिफायर त्यांच्याकडे होता. पण जास्तीची खरखर खरीच आहे हे छातीठोकपणे सांगता आले ते द्रव हेलियमने थंड केलेल्या संदर्भाशी वारंवार तुलना केल्यामुळे. निव्वळ शांत अँप्लिफायर असता, तर साडेतीन केल्विन उपकरणाच्या माथी मारून दोघे घरी गेले असते. विश्वाच्या जन्माची ऊब त्यांना मिळाली, 1978 चे नोबेलही मिळाले. त्यात मेसरचा वाटा जेवढा, तेवढाच त्या थंड संदर्भाचा होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जीएमआरटीसारखी दुर्बीण एकूण शक्ती मोजत नाही. ती तबकड्यांच्या जोड्यांचे गुणाकार मोजते. प्रत्येक अँप्लिफायरचे सरकणे स्वतंत्र असते, आकाशातल्या ठाऊक स्रोताकडे दर अर्ध्यापाऊण तासाने पाहून ते दुरुस्त करता येते, आणि उरलेले सॉफ्टवेअर स्वतःच्या मोजमापांतून सुधारते. मग गेनच्या स्थैर्यासाठी एवढा आटापिटा का? मला हा युक्तिवाद प्रतिमा काढण्यापुरता पूर्ण मान्य आहे. संगणक ज्या चुका स्वस्तात सुधारतो त्यांसाठी ट्रान्झिस्टरला शिक्षा करू नये. पण त्याच दुर्बिणीवर स्पंदकांचेही निरीक्षण होते. 2023 च्या जूनमध्ये नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यांत युरोपीय गटासोबतच्या भारतीय गटाची मोजमापे याच खोडदची होती. तिथे तबकड्यांचे सिग्नल बेरजेने जोडले जातात, आणि गेनमधले सावकाश हेलकावे स्पंदांखालच्या पायालाच झोके देतात. सॉफ्टवेअर तेही बरेचसे निस्तरते, पण सगळे नाही. शिट्टी मारणारा अँप्लिफायर तर कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

आणि काही मोजमापे अशी आहेत की तिथे शांततेचा प्रश्नच उरत नाही. 2018 मध्ये ‘एजेस’ या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाने 78 मेगाहर्ट्झला सुमारे अर्ध्या केल्विनची एक खोल दरी दिसल्याचे जाहीर केले. पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनची ती खूण असावी असा दावा होता. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने ‘सारस-3’ हे उपकरण 2020 च्या सुरुवातीला दंडिगनहळ्ळीच्या तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्याच्या पाण्यावर तराफ्यावरून तरंगवत ठेवले आणि 2022 साली निष्कर्ष दिला की तशी दरी त्यांना आढळत नाही. त्या कंप्रतेला आकाश स्वतःच हजार केल्विनहून अधिक खरखर करते. अँप्लिफायर 50 केल्विनचा असो वा 80 चा, फरक पडत नाही. फरक पडतो तो अँप्लिफायरची खरखर उलट्या दिशेने अँटेनाकडे जाते, तिथून परावर्तित होऊन परत येते आणि वर्णपटावर मंद लाटा उमटवते तेव्हा. त्या लाटा आणि विश्वाची दरी एकमेकींसारख्या दिसू शकतात. अँटेनाखाली एकसारखे पाणी घेणे, ग्राहक अँटेनाला अगदी लगटून ठेवणे, ही सगळी धडपड अशा लाटा टाळण्यासाठी. शांत अँप्लिफायर बाजारात मिळतो, लाटा न उमटवणारे वागणे बाजारात मिळत नाही.

म्हणून मला वाटते की या वादाचा निर्णय ट्रान्झिस्टर पाहून करण्याआधी आकाश पाहून करावा. आकाशगंगेची खरखर कंप्रता खाली जाईल तशी झपाट्याने वाढते. 1400 मेगाहर्ट्झला, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, ती 5 केल्विनच्या आत असते. 325 ला चाळिशीच्या अलीकडेपलीकडे. 150 ला अडीचशेच्या घरात. समजा एलएनए 40 केल्विनवरून 20 वर आणला. 150 मेगाहर्ट्झला एकूण 290 चे 270 झाले, वेळ वाचला तेरा टक्के. 1400 ला जमिनीची वगैरे भर 15 धरली, तर 60 चे 40 झाले आणि वेळ निम्म्याहून कमी लागला. एकच सुधारणा, एका ठिकाणी चणेफुटाणे, दुसऱ्या ठिकाणी सोने. खालच्या पट्ट्यांत त्या वीस केल्विनसाठी स्थैर्याची राखीव जागा कमी करणे मला चुकीचे वाटते. वरच्या पट्ट्यांत मात्र शांततेचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहीन.

अगदी शीतकरणापर्यंत? इथे माझे मन पूर्ण ठरलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटने आपल्या 64 तबकड्यांवर हेलियमच्या बंद चक्राचे शीतक बसवले आणि विलक्षण संवेदनक्षमता मिळवली. खोडदचे एलएनए खोलीच्या तापमानाचेच आहेत. 1400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरते त्यांना थंड करावे, हा विचार कागदावर मोहक आहे. पण प्रत्येक शीतकाला काही किलोवॅट वीज लागते, कॉम्प्रेसर लागतो, निर्वात डबी लागते, नाभीपर्यंत हेलियमच्या नळ्या न्याव्या लागतात आणि ठरावीक तासांनी देखभाल लागते. तीही पंचवीस किलोमीटर पसरलेल्या, वीज जाणे-येणे सोसणाऱ्या तीस ठिकाणी. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण परवडणारी करण्यासाठी दोरखंडांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची तबकडी कल्पिली. 1965 मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या जुन्या छोट्या तबकड्यांवर सुरुवात करणाऱ्या माणसाची ती दृष्टी होती. शीतकरण त्या दृष्टीच्या विरुद्ध आहे असे मी म्हणणार नाही, पण ज्याला ते हवे त्याने ट्रान्झिस्टरच्या केल्विनसोबत जनरेटरच्या डिझेलचाही आकडा मांडावा. शिवाय जास्त थंड म्हणजे जास्त शांत, हेही सरसकट खरे नाही. गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरच्या प्रीअँप्लिफायरमधला सिलिकॉन जेफेट ट्रान्झिस्टर द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनला नव्हे, तर त्याहून पन्नासेक अंश उबदार असताना सर्वांत शांत असतो. त्याखाली त्यातले विद्युतभार गोठू लागतात. म्हणून थंड पात्रातही त्याला थोडी ऊब मुद्दाम राखून दिली जाते.

तिसरा एक भागीदार या वादात अलीकडे घुसला आहे, तो म्हणजे गर्दी. पूर्वी जीएमआरटी एका वेळी 32 मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकत असे. सुधारणेनंतर 400 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. 250 ते 500 या पट्ट्यात आता आकाशाबरोबर माणसांचेही पुष्कळ बोलणे आत येते. दोन बलवान सिग्नल एलएनएमध्ये एकत्र आले की त्यांच्या मिश्रणातून तिसरेच, खोटे सिग्नल जन्मतात, आणि मूळ सिग्नल 1 डेसिबलने वाढले तर हे 3 डेसिबलने वाढतात. ट्रान्झिस्टरला जास्त करंट दिला तर तो अशा दडपणाखाली सरळ वागतो, पण जरा जास्त खरखरतो. आधी फिल्टर लावला तर गर्दी दाराबाहेर राहते, पण फिल्टरचा प्रत्येक 0.1 डेसिबल सुमारे 7 केल्विन मागतो. मला विचाराल तर हे 7 केल्विन द्यावेत. सरळपणा मी स्थैर्याच्याच कुटुंबातला मानतो, कारण बिघडलेले मोजमाप शांत असून उपयोग नाही.

मोजमापावरून आठवले. एलएनएची खरखर मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे एकदा गरम आणि एकदा थंड रोधक इनपुटला जोडून दोन शक्तींचे गुणोत्तर घेणे. नेहमीच्या टेबलावर ही रीत 0.1 डेसिबलच्या आत नेणे कष्टाचे काम आहे, आणि 0.1 डेसिबल म्हणजे पुन्हा तेच 7 केल्विन. तरीही प्रबंधांत, निविदांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दोन-तीन केल्विनच्या फरकावरून एक डिझाइन दुसऱ्याहून सरस ठरवले जाते. असे का होते, हे समजण्यासारखे आहे. खरखर एका आकड्यात सांगता येते, स्थैर्य येत नाही. स्थैर्य सांगायचे तर किती कंप्रतांपर्यंत तपासले, इनपुट उघडे ठेवून आणि शॉर्ट करून पाहिले का, किती तापमानांना पाहिले, किती नमुन्यांत पाहिले, हे सगळे लिहावे लागते. तक्त्यात त्याला रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही त्याला गुणही मिळत नाहीत. हा रकाना असावा, अशी माझी मागणी आहे. कमी खरखरीचा एकही आकडा स्थैर्याच्या या चार ओळींशिवाय स्वीकारू नये: निविदेत नाही, नियतकालिकात नाही, महाविद्यालयाच्या प्रकल्पातही नाही.

चौरस किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक प्रकल्पात भारत सहभागी आहे, आणि त्याच एका प्रकल्पाने हा प्रश्न दोन ठिकाणी दोन प्रकारे सोडवला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या 197 तबकड्यांना थंड ग्राहक, कारण तिथल्या वरच्या पट्ट्यांत आकाश शांत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 50 ते 350 मेगाहर्ट्झ ऐकणारे 1,31,072 अँटेना, झाडासारखे उभे, शीतकाशिवाय. प्रत्येकी दोन ध्रुवीकरणांचे दोन धरले तर 2,62,144 पहिले अँप्लिफायर, वाळवंटातल्या दुपारी तापणारे आणि रात्री गारठणारे, एकमेकांपासून काही मीटरांवर. त्यांतला प्रत्येक हातात घेऊन, झाकण लावून, स्क्रू आवळून कुणी तपासणार नाही. जे काही आहे ते डिझाइनमध्येच आलेले असावे लागेल.